एका सिनेमाच्या तीन प्रती कशाला?

2013 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या क्रायटेरियन कलेक्शन या कंपनीनं 'झातोइची' या जपानी चित्रपटमालिकेचा संच बाजारात आणला. शिंतारो कात्सूनं रंगवलेल्या आंधळ्या तलवारबाजाचे 1962 ते 1973 या काळातले 25 चित्रपट एका देखण्या खोक्यात. खोक्यात डिस्क मात्र 27. त्यातल्या 9 ब्लू-रे आणि 18 डीव्हीडी, आणि चित्रपट दोन्हीकडे तेच. म्हणजे ज्याच्या घरी ब्लू-रे प्लेअर आहे त्यानं 9 डिस्क पाहायच्या आणि 18 नुसत्या सांभाळायच्या. ज्याच्याकडे तो नाही त्यानं 18 पाहायच्या आणि 9 सांभाळायच्या. सत्तावीसच्या सत्तावीस डिस्क ज्याच्या उपयोगी पडतील असा माणूस शोधूनही सापडायचा नाही.

क्रायटेरियनच्या तेव्हाच्या बहुतेक नव्या संचांची हीच तऱ्हा होती. वर्ष उलटतं न उलटतं तोच त्यांनी हा प्रकार गुंडाळला आणि दोन्ही स्वरूपं पुन्हा वेगवेगळी विकायला काढली. इतर कंपन्यांची खोड मात्र गेलेली नाही. आजही 'कलेक्टर्स एडिशन' म्हणून येणाऱ्या खोक्यात 4के डिस्क, त्याच चित्रपटाची ब्लू-रे, कधी डीव्हीडी आणि वर डिजिटल कोडाची चिठ्ठी असा सगळा जामानिमा असतो, आणि डिस्कची एकूण संख्या वेष्टनावर ठसठशीत छापलेली असते. संग्राहकांसाठी म्हणून काढलेल्या आवृत्तीत त्याच चित्रपटाच्या निरनिराळ्या स्वरूपांतल्या जादा प्रती कोंबू नयेत, असं माझं मत आहे.

हे मत चार शौकिनांत मांडलं की लोक अंगावर येतात. पूर्वपक्ष आधी दुबळा करून घ्यायचा आणि मग त्याला लोळवायचं यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून त्यांचं म्हणणं पुऱ्या ताकदीनिशी सांगतो. डीव्हीडी छापायला असा काय खर्च येतो, फुकट मिळतेय तर घ्या की, हा पहिला मुद्दा. घरात एकच यंत्र नसतं, दिवाणखान्यात ब्लू-रे आणि मुलांच्या खोलीत जुना डीव्हीडी प्लेअर असतो, हा दुसरा. आज प्लेअर नसला तरी उद्या येईल, तेव्हा चांगली प्रत आधीच घरात असलेली बरी. एक डिस्क बिघडली तर दुसरी आहे, म्हणजे तो एक विमाच झाला. आणि नकोच असेल तर डीव्हीडी बहिणीला द्या, कोड मित्राला द्या. ऐकायला सगळं रास्त वाटतं.

फुकटाचा हिशेब आधी करू. क्रायटेरियनच्या एका चित्रपटाच्या डीव्हीडीची छापील किंमत साधारण 29.95 डॉलर आणि ब्लू-रेची 39.95. दोन्ही एका खोक्यात आल्यावर किंमत राहिली 39.95. ब्लू-रेवाल्याला वाटलं डीव्हीडी फुकट आली. पण ज्याला फक्त डीव्हीडीच हवी होती त्याला 10 डॉलर जास्त मोजावे लागले, तेही न लागणाऱ्या डिस्कसाठी. शिवाय खर्च काही चकती दाबण्यापुरता नसतो. 8.5 जीबीच्या डीव्हीडीसाठी चित्र वेगळं आवळावं लागतं, मेनू वेगळा करावा लागतो, उपशीर्षकं पुन्हा बसवावी लागतात, कुणीतरी बसून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावी लागते. हे काम नीट केलं तर पैसे लागतात आणि उरकून टाकलं तर डिस्क भिकार निघते.

घरातल्या दुसऱ्या यंत्राच्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. डिस्नेनं 2009 मध्ये 'स्नो व्हाइट'ची ब्लू-रे काढताना सोबत डीव्हीडी दिली, ती शहाणपणाचीच होती. पोरांच्या हाती गेलेली डिस्क किती दिवस टिकते हे आईबापांना विचारावं. पण ती कुटुंबासाठी काढलेली आवृत्ती होती. संग्राहकाच्या आवृत्तीचं काम निराळं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, 19 खंडांची. तिचं मोल पानाच्या तळाशी दिलेल्या पाठभेदांत आहे. घरात मुलं असतात म्हणून प्रत्येक खंडासोबत एकेक बालभारतही द्या, असा आग्रह कुणी धरल्याचं ऐकिवात नाही.

'उद्या प्लेअर येईल' हा मुद्दा काही काळ खरा होता, हे मान्य. 2006 ते 2008 या काळात एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांची लढाई जुंपली होती, तेव्हा एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि उलटवली की दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी अशा दुतोंडी डिस्क निघाल्या. दोन्ही बाजूंना मजकूर असल्यामुळे वर चित्र छापायला जागाच नाही. मधल्या भोकाभोवतीच्या चिंचोळ्या कड्यावर बारीक अक्षरांत नाव, ते उजेडात तिरकं धरून वाचायचं आणि मग कुठली बाजू वर ठेवायची ते ठरवायचं. फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबानं हार पत्करली आणि एचडी डीव्हीडी संपली. माझे प्रतिपक्षी इथे लगेच म्हणतील, बघा, डीव्हीडीची बाजू तरी कामाला आली! आली खरी. पण ती बाजू निम्म्या किमतीत आधीच दुकानात मिळत होती. आणि आता तर ही अडचणच उरलेली नाही. 4के प्लेअरवर ब्लू-रेही चालते आणि डीव्हीडीही. 2016 मध्ये 4के डिस्क बाजारात आल्या. आज एवढे पैसे टाकून 4के संच घेणाऱ्या माणसाकडे प्लेअर नसेल, असं धरून चालण्याचं कारण नाही.

विम्याचा मुद्दा सगळ्यांत भावनिक आणि सगळ्यांत कच्चा. डीव्हीडी ही 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकानं चिकटवून केलेली असते. हा जोड बिघडला, आतल्या धातूच्या थराला हवा लागली, की डिस्क सडते. 2006 ते 2008 या काळात छापलेल्या आपल्या डीव्हीडी अशा बाद होत असल्याची कबुली वॉर्नरनं 2025 मध्ये दिली. म्हणजे जिला आपण राखीव प्रत समजत होतो तीच आधी गेली. ब्लू-रे अमरपट्टा घेऊन आलेली नाही, हेही खरं. पण राखीव प्रत मूळ प्रतीच्याच खोक्यात, त्याच फळीवर ठेवायची, हा कुठला विमा? कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कपाटाला ओल धरली, पुठ्ठ्याला बुरा आला, तर तो डीव्हीडी आणि ब्लू-रे असा भेद करत नाही. उलट जादा डिस्कमुळे नुकसानीची सोय होते. चार डिस्क दोन खुंट्यांवर एकीवर एक बसवलेल्या असतात. खालची काढायची तर आधी वरची उचलावी लागते. पुठ्ठ्याच्या खाचेतून डिस्क बोटांच्या टोकांनी ओढताना होणारी ती खरखर ज्यानं ऐकली आहे त्याला वेगळं सांगायला नको. ओरखडा तिथेच पडतो, पाहण्याच्या बाजूवर.

राहिला कोड. याला 'डिजिटल प्रत' म्हणतात, आणि माझा सगळ्यांत मोठा आक्षेप याच वस्तूवर आहे. अमेरिकेत किराणा दुकानांबाहेर रेडबॉक्सची लाल यंत्रं असत. पैसे भरा, डिस्क भाड्यानं न्या. या कंपनीनं डिस्नेची खोकी बाजारातून रीतसर विकत घेतली, फोडली, डिस्क भाड्यानं लावल्या आणि कोडाच्या चिठ्ठ्या साधारण 8 ते 15 डॉलरला वेगळ्या विकायला ठेवल्या. 2017 च्या अखेरीस डिस्नेनं दावा ठोकला. कोड विकता किंवा दुसऱ्याला देता येणार नाही, असं खोक्यावर छापलेलं होतं. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायाधीश डीन प्रेगरसन यांनी डिस्नेला तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. वेष्टनावरच्या त्या ओळीनं करार होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कोड वापरणाऱ्याकडेच डिस्कची मालकी हवी या डिस्नेच्या अटीवरही त्यांनी बोट ठेवलं, कारण विकत घेतलेली डिस्क दुसऱ्याला देऊन टाकायचा हक्क ग्राहकाला कायद्यानंच आहे. ऑगस्टमध्ये, अटींची भाषा बदलून आल्यावर, डिस्नेला हुकूम मिळाला. 2019 मध्ये तडजोड झाली.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. रेडबॉक्सचा एक बचाव असा होता की आम्ही प्रत विकत घेतली आहे, तेव्हा ती पुढे विकायचा हक्क आम्हाला आहे. न्यायाधीशांनी तो मानला नाही. कोड विकला जातो त्या क्षणी कुठलीच प्रत अस्तित्वात नसते, मग हक्क कशावर सांगणार? म्हणजे खोक्यावर ज्याला 'प्रत' म्हणून मिरवतात ती प्रतच नाही, हे अमेरिकेच्या न्यायालयात नोंदलं गेलं. आणि 'कोड मित्राला द्या' म्हणणाऱ्यांनी त्या अटी एकदा वाचाव्यात. कोड नोंदवून मिळालेला चित्रपट तरी कुठे कायमचा असतो? 2011 मध्ये मोठ्या गाजावाजानं सुरू झालेलं अल्ट्राव्हायोलेट नावाचं डिजिटल कपाट 31 जुलै 2019 ला बंद झालं. ज्यांनी आपली खाती इतर विक्रेत्यांशी जोडून ठेवली होती त्यांचं निभावलं. त्याआधी कित्येक चिठ्ठ्यांवर मुदतीची तारीखही छापलेली असे. संग्रहात ठेवायच्या वस्तूला मुदत!

एका ठिकाणी मात्र मी मागे सरायला तयार आहे. 4के डिस्कवरचं चित्र बहुधा एचडीआर पद्धतीनं रंगवलेलं असतं. साध्या प्रोजेक्टरवर किंवा जुन्या टीव्हीवर ते ओढूनताणून बसवावं लागतं, कधी काळपट दिसतं. अशा वेळी त्याच नव्या पुनरुज्जीवनावरून, साध्या पडद्यासाठी वेगळी रंगसंगती करून काढलेली ब्लू-रे सोबत असेल तर तिला मी जादा म्हणणार नाही. पूरक माहितीपट आणि मुलाखती ब्लू-रेवर ठेवल्या तर तेही उत्तम, कारण 66 किंवा 100 जीबीच्या 4के डिस्कवरची सगळी जागा चित्रपटाला मिळायला हवी. पण होतं असं की बरेचदा दहा वर्षांपूर्वीचीच ब्लू-रे, जुन्याच मास्टरवरची, नव्या खोक्यात सरकवून देतात. पडून असलेला माल खपवायची ही सोय झाली.

मग संग्राहकाच्या आवृत्तीत असावं काय? 'ब्लेड रनर'चा 2007 चा पाच डिस्कचा संच पाहा. 1982 मध्ये अमेरिकेत दाखवलेला चित्रपट, परदेशांत दाखवलेला, 1992 चा दिग्दर्शकाचा, 2007 चा अंतिम आणि प्रदर्शनापूर्वीची कच्ची प्रत, असे पाच चित्रपट त्यात आहेत. नायक डेकर्डचं निवेदन कुठे आहे आणि कुठे गेलं, शेवट कुठे गोड केला आणि कुठे कापला, हे आपण स्वतः ताडून पाहू शकतो. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हल'चंही तसंच. स्टुडिओनं 1957 मध्ये चित्रपट त्याच्या हातातून काढून घेतला, त्यानं 58 पानांचं टिपण लिहून दुरुस्त्या सुचवल्या, आणि 1998 मध्ये वॉल्टर मर्चनं त्या टिपणावरून संकलन पुन्हा केलं. ब्रिटनच्या युरेकानं 2011 च्या ब्लू-रे संचात तीन पाठ आणि पडद्याच्या दोन चौकटी मिळून पाच रूपं दिली. इथे डिस्क वाढल्या तर माझी तक्रार नाही, कारण प्रत्येक रूप पाहताना आधीच्यापेक्षा काही वेगळं हाती लागतं.

आणि पैसे खर्चायचेच तर ते कुठे खर्चावेत हेही क्रायटेरियननंच दाखवून दिलं आहे. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. जळकी, आखडलेली, वितळून चिकटलेली फिल्म इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ओलावा देऊन मऊ केली गेली, सुमारे हजार तास हातानं दुरुस्त केली गेली. त्यातून 'पथेर पांचाली'चा 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून उचलता आला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह कामातून गेली होती, तिथे दुसऱ्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. हा संच 2015 मध्ये आला तो ब्लू-रेचा वेगळा आणि डीव्हीडीचा वेगळा.

वेगळं विकणं हे आपल्याला नवलाचं वाटू नये. 2007 च्या सुमारास मोझर बेअरनं आपल्याकडे व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाईक घरातलं यंत्र आठवून हवी ती उचलत होतं. त्या डिस्कच्या दर्जाबद्दल न बोललेलंच बरं, पण निवड गिऱ्हाइकाची होती.

इकडे राहून अमेरिकेतल्या भावाकरवी किंवा भाचीकरवी संच मागवणाऱ्यांना तर जादा प्रतींचा दुहेरी जाच आहे. अमेरिकी ब्लू-रे ए विभागाची आणि आपला प्लेअर सी विभागाचा. अमेरिकी डीव्हीडी 1 क्रमांकाची आणि आपली 5 ची. विभागाचं कुलूप घातलेलं असेल तर दोन्ही इथे चालत नाहीत. मूव्हीज एनीव्हेअरसारख्या अमेरिकी खात्यांत नोंदवायचे कोड इथून नोंदवता येत नाहीत. चालते ती फक्त 4के डिस्क, कारण तिला विभागच नाही. म्हणजे भाचीच्या बॅगेतून चार वस्तू यायच्या आणि त्यातली एक कामाची.

तेव्हा मागणी नोंदवण्याआधी वेष्टनावरचा डिस्कचा आकडा सोडून द्या आणि दोन गोष्टी तपासा: सोबतची ब्लू-रे नव्या मास्टरवरची आहे का, आणि पूरक साहित्य विभागाचं कुलूप असलेल्या डिस्कवर तर नाही ना. कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की डीव्हीडीवाल्यांसाठी डीव्हीडी जरूर काढा, वेगळ्या खोक्यात आणि कमी किमतीत काढा, आणि आमच्या खोक्यातली तिची जागा रिकामी राहिली तरी चालेल.