हातपंपापर्यंत न पोहोचलेले जीवाणू

आर्सेनिक ओळखणारे जीवाणू बनवणे आता अवघड राहिलेले नाही. ई. कोलायमध्ये आर्सआर नावाचे प्रथिन असते. आर्सेनिक आले की ते डीएनएवरची पकड सोडते आणि बचावाची जनुके चालू होतात. त्यांच्या जोडीला प्रकाश किंवा रंग देणारे जनुक बसवले की झाला संवेदक. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००३ साली हे करून दाखवले.

मग बांगलादेशातल्या हातपंपाशेजारी ती कुपी का नाही? "जनुकबदल केलेले जीव प्रयोगशाळेबाहेर नकोत," हे ठरलेले उत्तर. पण तिथल्या रासायनिक किटमध्ये विषारी आर्सिन वायू तयार करून पारायुक्त कागदावर डाग पाडतात. ते चालते, सीलबंद कुपीतले, ब्लीचने मरणारे जीवाणू चालत नाहीत! कुपी फुटण्याची भीती खोटी नाही, पण तिला उत्तर नियमांनी द्यावे, टाळाटाळीने नव्हे.

अर्थात सगळा दोष नियमांवर ढकलणे आम्हा संशोधकांच्या सोयीचे आहे. अनुदानाच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात बांगलादेश येतो. शोधनिबंध छापला की गायब होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. त्याहून कितीतरी कमी ओळखल्याची फुशारकी आम्ही मारतो; कुपी उन्हाळ्यात महिनाभर टिकेल का, हे क्वचितच विचारतो.

आर्सेनिकला ना रंग, ना वास. पंप दाबणाऱ्या बाईला आमचा आलेख नको आहे. हे पाणी मुलांना द्यायचे की नाही, एवढेच तिला हवे आहे. ते सांगता येत नसेल, तर अर्जात तिचे नाव घेणे आधी थांबवू या.