कुंडीतला घायपात

बांधावर असताना ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, तो घायपात रंगवलेल्या कुंडीत बसून शहरात आला आणि ‘अगेव्ह’ झाला. आमच्या लहानपणी तो गुरे अडवण्यासाठी शेताच्या कडेला असे. त्याची पाने पाण्यात कुजवून, ठेचून वाख काढीत आणि त्या वाखाचे दोर, दावी, कासरे वळीत. त्या कुजण्याचा वास ज्यांनी घेतला आहे, ते तो विसरलेले नसतील! आज पिवळ्या काठाचा घायपात सोसायटीच्या दारात शोभेला उभा असतो. त्याला माझी मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या लाडांना.

हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. लिनियसने १७५३ साली त्याच्या कुळाला जे नाव दिले, त्याचा ग्रीक अर्थ थोर, भव्य असा आहे. त्याचा थोरपणा काटकसरीत आहे. इतर झाडे दिवसा पानांवरची छिद्रे उघडतात. हे दिवसा ती मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. पाणी वाचते, आणि जाड पानांत साठूनही राहते. अशा झाडाला आपण तुळशीबरोबर रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो. मग मुळे कुजतात. वरची पाने बरेच दिवस टवटवीत दिसतात, आणि एके दिवशी हात लावावा तर अख्खे रोप हातात येते. दुष्काळाने नव्हे, मायेने मेलेले झाड ते.

निम्मी माती, निम्मी जाडी वाळू आणि विटांचे तुकडे, कुंडीला मोठे भोक, भरपूर ऊन. माती आतपर्यंत कोरडी झाली की मगच पाणी. खरी परीक्षा पावसाळ्यात. मुंबई-कोकणात तर जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीखालून हलवून उजेडाच्या आडोशाला ठेवावी, खालची बशी काढावी आणि झारीला सुट्टी द्यावी.

जिन्यात किंवा दारात घायपात ठेवणे मात्र मला अजिबात पटत नाही. पानाच्या टोकाचा काटा नेमका चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. काट्याचे टोक छाटले तर झाडाचे काही बिघडत नाही. रस अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. घरात लहान मूल असेल तर बिनकाट्याचा अगेव्ह अटेन्युआटा आणावा. तोही देखणाच आहे.

‘शंभर वर्षांनी फुलते’ असे रोप विकणारे सांगतात, त्यावर जाऊ नये. बांधावरचा मोठा घायपात साधारण दहा ते तीस वर्षांत फुलतो. वीस-पंचवीस फुटांचा दांडा येतो आणि मूळचे झाड सुकून जाते. ते वाचावे म्हणून काहीजण दांडा छाटतात. झाड वाचत नाही ते नाहीच, फुलेही जातात. त्यापेक्षा बुंध्याशी आलेली पिल्ले सुटी करावीत, जखम वाळेपर्यंत चार-आठ दिवस सावलीत ठेवावीत आणि मग लावावीत. आमच्या इमारतीत सध्या चार मजल्यांवर एकाच आईची लेकरे आहेत.