प्रकल्पवहीतला उसना शोध

शैक्षणिक वर्ष उताराला लागले की झेरॉक्सच्या दुकानात हमखास एक दृश्य दिसते. आई रांगेत उभी आहे आणि हातात विषयाची चिठ्ठी : ‘पाणीटंचाई – कारणे व उपाय’. दहा मिनिटांत चार रंगीत पाने छापून मिळतात. चिरंजीव ती वहीत चिकटवतात, मुखपृष्ठावर निळा थेंब काढतात आणि वीसपैकी अठरा गुण मिळवतात. या व्यवहाराला ‘आंतरजालाधारित स्वयंशोध’ असे भारदस्त नाव आहे! आता तर यंत्रच क्षणार्धात निबंध रचून देते. त्यामुळे रांगेचेही कष्ट उरले नाहीत.

मूळ कल्पना अशी नव्हती. १९९५ साली अमेरिकेतील सॅन डिएगो राज्य विद्यापीठाचे प्रा. बर्नी डॉज यांनी टॉम मार्च यांच्या साहाय्याने ‘वेबक्वेस्ट’ हा आराखडा सिद्ध केला. त्यात माहितीच्या रानात मुलाला मोकाट सोडणे अभिप्रेतच नव्हते. संकेतस्थळे शिक्षकाने आधी तपासून, निवडून द्यायची. आणि काम असे नेमायचे की, नुसते उतरवून ते पुरे होऊ नये. विद्यार्थ्याने तुलना करावी, बाजू घ्यावी, निष्कर्षाचे समर्थन करावे. म्हणजे शिक्षकाचे श्रम वाढवणारी ही पद्धत. आपल्याकडे नेमके तेच श्रम गाळले गेले आणि संगणक तेवढा उरला.

२००६ साली कर्शनर, स्वेलर व क्लार्क या अभ्यासकांनी, नवशिक्यांना मार्गदर्शनाविना शोधायला लावणे निष्फळ ठरते, असे परखडपणे मांडले. त्यांना उत्तर देणाऱ्यांनीही उत्तम शोधाधारित शिक्षणात मार्गदर्शन भरपूर असते, हेच सांगितले. वाद कितीही असो, शिक्षकावाचून चालेल असे दोन्ही पक्षांपैकी कोणीही म्हणत नाही. मात्र साठ मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, अशा शिक्षकाकडून हे श्रम कोणत्या वेळात व्हावेत, याचा विचार परिपत्रक काढणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

खरा प्रश्न गावातच असतो. सरासरीएवढा पाऊस होऊनही शाळेमागची विहीर मार्चमध्ये का आटते? दर महिन्याला दोर सोडून मुलांनी पातळी मोजावी. हवामान खात्याचे पर्जन्यमान आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नोंदी यांच्याशी ती ताडावी. आंतरजालाचे खरे काम इथे आहे. ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात १९९५ पासून शाळकरी मुले स्वतः पाऊस मोजून नोंदी पाठवतात. भारतही त्यात २००० साली सहभागी झाला.

पण असा शोध अडचणीचा असतो. विहिरीभोवती किती विंधनविहिरी झाल्या, त्या कोणाच्या, त्यांच्यावर ऊस किती एकर, हे वहीत लिहावे लागते. छापील पानावर ‘नळ बंद ठेवा, पाणी वाचवा’ एवढेच असते आणि त्याने गावात कोणाचाही रोष ओढवत नाही. मुलाने मोजलेले आकडे पालकसभेत वाचून दाखवायला किती मुख्याध्यापक तयार होतील?