अंगणवाडीने आता भट्टीपर्यंत यावे

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
पालघर जिल्हा परिषद, पालघर



भाताची झोडणी उरकली, दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरची घरे एकेक करून बंद होऊ लागतात. दाराला कडी लागते, कोंबड्या शेजारणीच्या हवाली होतात आणि टेम्पोत भांडी, गोधड्या, तांदळाची गोणी आणि पोरे चढतात. टेम्पो वाडा, वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे जातो, नाहीतर पालघर-बोईसरच्या बांधकामांकडे. गेल्याच महिन्यात अंगणवाडीताईने वजन करून नोंदवलेले अडीच वर्षांचे मूल त्याच टेम्पोत असते. त्याचा आहार मात्र गावातच राहतो. हे पत्र त्या मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी आहे.

गावात तिला काय मिळते, हे जिल्हा परिषदेइतके कोणाला ठाऊक असणार? राज्याने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून एक वेळ गरम चौरस जेवण: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळे. पुढच्या वर्षी लहान मुलांसाठी अंडी-केळी जोडली गेली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुलांचा आहार हा हक्कच ठरवला. योजना चांगल्या आहेत, कायदाही चांगला आहे. पण हे ताट अंगणवाडीच्या पत्त्यावर वाढले जाते, आणि बाई वर्षातले पाच-सहा महिने त्या पत्त्यावर नसते.

भट्टीवरचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होतो. नवरा चिखल मळतो, बायको साच्याने विटा पाडते. मजुरी हजार विटांमागे ठरते, त्यामुळे चारही हात रिकामे राहून चालत नाहीत. तान्हे बाळ बांबूला बांधलेल्या झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची बहीण. राहायला कच्च्या विटा रचून वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकलेला भोंगा, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही असा. आठवड्याला मालक खर्ची देतो, तिच्यात बाजार होतो. पोराच्या ताटात भात, मिरची आणि जमलेच तर सुकट.

मुलाच्या दंडाभोवती फीत गुंडाळली आणि आकडा साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला, तर ते मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. गावी असते तर ग्राम बाल विकास केंद्रात त्याला दिवसातून अनेकदा थोडेथोडे भरवले असते. भट्टीवर फीत घेऊन कोण जाणार? होळीला कुटुंब चार दिवस घरी येते तेव्हा किंवा पावसाच्या तोंडावर हंगाम संपवून परतते तेव्हा ते मूल पुन्हा काट्यावर चढते. मधल्या महिन्यांत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

मग ही माणसे जातात तरी कशाला? एकपिकी शेती, त्यातही तुटपुंजी जमीन, आणि डोक्यावर बयाणा. आजारपणासाठी, घरातल्या लग्नासाठी मालकाकडून पावसाळ्यात उचललेले पैसे दिवाळीनंतर अंगमेहनतीने फेडायचे असतात. याच जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली शेतकऱ्यांनी १९४५ मध्ये त्या वेठीविरुद्ध उठाव केला, आणि वेठबिगारीविरुद्धचा कायदा देशात १९७६ मध्ये आला. लग्न हा वारल्यांचा केवढा मोठा सोहळा! भिंतीवर सुवासिनींनी काढलेला लग्नचौक, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, तारपा. याच चित्रकलेला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तो सोहळा साजरा करण्यासाठी एका घराला पुढचा हंगाम गहाण टाकावा लागतो, याचा दोष रीतीचा नव्हे. स्वस्त आणि वेळेवर मिळणारे कर्ज त्या पाड्यापर्यंत पोचलेले नाही, हे त्याचे कारण आहे.

हे दुखणे एकट्या पालघरचे नाही. पाकिस्तानातल्या पंजाबात याच बयाण्याला पेशगी म्हणतात आणि तिथेही कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर अडकतात. त्या प्रांताने २०१६ मध्ये वीटभट्ट्यांवरील बालमजुरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये झालेला कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही व्याख्या राज्याची सीमा ओलांडणाऱ्याचीच आहे. मोखाड्याहून भिवंडीला जाणारी बाई त्यात बसत नाही.

तिच्या वाटेत एक सीमा मात्र खरोखर आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिचे गाव आणि तिची भट्टी एकाच जिल्हा परिषदेच्या हद्दीत होती. त्या दिवसापासून गाव पालघरात राहिले आणि भिवंडीची भट्टी ठाण्यात. शिवाय भिवंडी आणि वसई तालुक्यांचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्राबाहेर येतो, म्हणजे अमृत आहारही तिथे थांबतो. आदिवासींचा विकास जवळून व्हावा म्हणून मागितलेल्या जिल्ह्याने आपल्याच लेकी-सुनांच्या वाटेत अशी भिंत राहू देऊ नये.

नोंदीची सोय झालेली आहे. महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली सहा जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर आणली, त्यात पालघर होता. पुढे ती राज्यभर गेली. नाव भट्टीजवळच्या अंगणवाडीत दिसू लागले, हे मोठे काम झाले. पण ती अंगणवाडी भट्टीपासून दोन-तीन किलोमीटरवर असेल आणि आईला चिखलातून उठता येत नसेल, तर ताट तिच्याकडे कोणीतरी न्यायला हवे.

आणि ते नेण्याची रीत शिकायला या जिल्ह्याने बाहेर पाहण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात भरली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला मुले गुरांमागे जात, तर शाळाच कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीचे अंगण देशभर पोचले. १९९०च्या दशकात वसई तालुक्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवून दाखवल्या. मुलांपाशी जाण्याचे हे तिन्ही प्रयोग याच मातीत झाले आहेत.

बोईसरचा विचार निराळा करावा लागेल. १९६९ पासून देशाला अणुवीज देणारे तारापूर, शेजारी शेकडो कारखान्यांची एमआयडीसी, बुलेट ट्रेनचे होऊ घातलेले स्थानक, आणि ज्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटी रुपयांची मंजुरी दिली ते बंदर. एवढे काम उभे राहते आहे म्हटल्यावर कामासाठी मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बायकाही वाढणार. त्यांत जव्हारची वारली बाई असेल तशीच बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलीही. भाड्याच्या खोल्यांत आणि बांधकामाच्या पत्र्याआड राहणारी त्यांची पोरे कोणत्या अंगणवाडीच्या यादीत आहेत, हे विचारणे जिल्हा परिषदेचेच काम आहे.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. जिल्ह्यातली प्रत्येक भट्टी आणि मोठे बांधकाम दिवाळीपूर्वी एकेका अंगणवाडीला जोडावे. हंगामापुरती एक मदतनीस तिथे नेमावी, शक्यतो त्याच मजुरांतली, आणि तिला मानधन द्यावे. गरम जेवण, दंडाची फीत आणि लसीकरण भट्टीवर न्यावे. अमृत आहाराचा लाभ अनुसूचित क्षेत्राबाहेरही त्याच आईला मिळत राहावा, असा आदेश शासनाकडे मागावा. ठाणे जिल्हा परिषदेशी लेखी करार करून भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांची जबाबदारी वाटून घ्यावी. तारापूरच्या कारखानदारांचा सामाजिक दायित्व निधी बोईसरच्या पाळणाघरांकडे वळवावा.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यातून कोणत्या गरोदर बायका आणि कोणती मुले बाहेर पडणार, त्यांची भट्टी कोणती आणि तिथली अंगणवाडी कोणती, याची यादी वाचली जावी. होळीला ही कुटुंबे घरी येतील तेव्हा त्याच ग्रामपंचायतीत मुलांची वजने पुन्हा घ्यावीत आणि जाण्यापूर्वीचे व परतल्यावरचे असे दोन्ही आकडे जिल्हा परिषदेने जाहीर करावेत. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,
पालघर जिल्ह्यातील एक नागरिक