विश्लेषण : रेल्वेचे स्वागत, पवनचक्कीला विरोध, बीडमध्ये असे का?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर प्रवासी रेल्वे सुरू झाली आणि जिल्ह्याची अनेक दशकांची प्रतीक्षा संपली. याच जिल्ह्यात पवनचक्क्यांची कामे मात्र शेतकरी अडवतात. मग बीडकर विकासविरोधी आहेत का?

जमीन दोन्हीकडे जाते, फरक कुठे?
अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठीही शेतजमिनी गेल्या. पण तेथे भूसंपादन कायद्याने होते, निवाडा जाहीर होतो आणि तिकीट काढून कोणालाही गाडीत बसता येते. पवनचक्कीसाठी कंपनी खासगी व्यवहार करते. शेजाऱ्याला काय भाव मिळाला, हे कळत नाही. वीज ग्रिडमध्ये जाते. पाते शिवारात फिरते म्हणून गावातील कृषिपंपाला जादा वीज मिळत नाही.

छुप्या व्यवहारांचा धोका काय?
पारदर्शकता नसली की दलाल आणि खंडणीखोर शिरतात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यामागे पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद असल्याचे आरोपपत्रात म्हटले आहे.

मार्ग काय?
जागेचे दर आणि तारांखालील जमिनीचा मोबदला ग्रामसभेत जाहीर व्हावा. उत्पन्नाचा ठरावीक वाटा ग्रामपंचायतीला मिळावा. राज्याला स्वच्छ वीज हवीच. पण तिच्यासाठी वारा आणि जमीन देणारे गाव या व्यवहारात भागीदार झाले, तरच विरोध मावळेल. पोलीस बंदोबस्तात खांब उभे राहतात, विश्वास नाही.