ज्ञानदानाची पायरी
शाळेत कधीही न गेलेल्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला लाभले आहे. जळगाव, धुळे व नंदुरबारच्या महाविद्यालयांत अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. तेथे बोलीवरून कुणाची थट्टा होणे, हा त्या नावाचाच अवमान होय.

दिव्यांगांची अडचण याहून कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. परंतु वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तर तो प्रवेश कागदावरच राहतो. संधी मिळाल्यास ही मुले काय करू शकतात, हे जळगावच्याच दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिसते. तेथे दिव्यांग विद्यार्थी निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात.

एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. इमारतीच्या खर्चात ही रक्कम किरकोळच. व्यापारी कुटुंबे शिक्षणसंस्थांना सढळ हाताने देणग्या देतात, विश्वस्तपदेही सांभाळतात. दात्याच्या नावाची पाटी लावण्यापूर्वी त्यांनी एवढेच पाहावे : चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला त्या पाटीपर्यंत पोहोचता येईल काय?