हृदयाला झाली कैद!

मोबाईलमध्ये ट्रान्सलेटर आला आणि आपण एकदम ग्लोबल झालो. चेन्नईच्या कलीगचा मेसेज वाचा, कोरियन सीरियलचे डायलॉग समजून घ्या, सगळं एका क्लिकवर. सॉलिड! पण हाच फोन दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये धरला तर?

२०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक भन्नाट टेस्ट छापून आली होती. डॉक्टरांच्या तोंडची नेहमीची १० वाक्यं गूगल ट्रान्सलेटकडून २६ भाषांत करून घेतली. बरोबर निघाली फक्त ५७.७ टक्के. 'तुमच्या नवऱ्याला कार्डिअ‍ॅक अरेस्ट झाला' याचं आपल्या मराठीत काय झालं माहितेय? नवऱ्याच्या हृदयाला कैद झाली! स्वाहिलीत तर 'तुमच्या बाळाला झटके येताहेत'चं थेट 'तुमचं बाळ गेलं' झालं. थांबलं ना हसू?

तेव्हापासून मशीनचं मराठी बरंच सुधारलंय. कारण मशीन शिकतं लिहिलेल्या मजकुरावरून आणि मराठीत तो ढिगाने आहे. पण कोरकूचं काय? अमरावतीहून परतवाडा ओलांडून घाट चढलं की मेळघाट. इथली कोरकू भाषा मराठीच्या नात्यातली नाहीच, ती संथाली-मुंडारीच्या घराण्यातली. २०११च्या जनगणनेनुसार देशात ती बोलणारे सव्वासात लाख. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली काही गावं अकोट तालुक्यात वसली, म्हणजे प्रश्न अकोल्याचाही आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये आदिवासी भाषांसाठी 'आदि वाणी' अ‍ॅप आणलं. सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीपासून. त्यात कोरकू नव्हती.

आता विचार करा. तान्ह्या बाळाला धारणीहून अमरावतीला हलवायचंय. डॉक्टर भराभर मराठीत सांगतात, आई मान हलवते. मान हलली म्हणजे कळलं, असं थोडंच असतं? घाबरून ती बाळाला घेऊन गावी परतली तर?

तिथे भरवशाचा ट्रान्सलेटर एकच, कोरकू बोलणारी आशाताई. तिला ना चार्जिंग लागतं, ना रेंज. या दुभाषीपणाचे तिला वेगळे पैसे मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. टेक्नॉलॉजीने तिची जागा घेऊ नये, तिला हात द्यावा. औषध कधी पाजायचं, कोणती लक्षणं दिसली की धावत यायचं, अशी शंभर वाक्यं तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून फोनमध्ये ठेवली, तर नेट नसलं तरी वाजतील.

आणि तुम्ही-आम्ही? परक्या राज्यात आईबाबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अ‍ॅप जरूर वापरा. वाक्यं छोटी ठेवा. पण औषधाचा डोस आणि ऑपरेशनच्या कागदावरची सही, या दोन गोष्टींसाठी भाषा येणारा माणूसच शोधा. शेवटी 'कळलं का?' असं विचारू नका. 'आता घरी जाऊन काय करणार, सांगा बरं' असं विचारा. उत्तर ऐकलं की खरं काय ते कळेल.